फरशीखालची फरशी

टाइलच्या दुकानात बाबांचं आणि मिस्त्रीचं चांगलं जमून गेलं होतं. राखाडी झाक असलेली, ओली झाली तरी पाय न घसरणारी टाइल दोघांनाही पसंत पडली होती. दुकानदाराने चहा मागवला होता, आणि मागच्या एका गिऱ्हाइकाने रंग ठरवताना आपल्या कसे नाकी नऊ आणले हे मिस्त्री रंगवून रंगवून सांगत होता. आई स्टुलावर, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. ती गप्प होती म्हणजे तिची संमती आहे, असं बाबा धरून चालले. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ही चूक ते अजून करायचे.

"मग उद्यापासून जुनी फरशी फोडायला घेतो," मिस्त्री म्हणाला.

"फोडायची नाही," आई म्हणाली.

"अगं, फोडल्याशिवाय नवी बसेल कशी?"

"वरून बसवा. बसवतात हल्ली. समोरच्यांनी नाही का बसवली?"

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "बसते तशी, काकू. पण जमीन वर येते, मग दारं खालून कापावी लागतात. आणि जुन्या फरशीला छिन्नीने टोचे तरी मारायलाच हवेत. गुळगुळीत दगडावर सिमेंटचा मसाला धरत नाही."

"टोचेसुद्धा मारायचे नाहीत."

मिस्त्रीने बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी चहाकडे. आईच्या हट्टाचं कारण त्यांना ठाऊक होतं. पण गेल्या बावीस वर्षांत ते कारण त्या घरात कोणी तोंडाने बोललं नव्हतं, ते टाइलच्या दुकानात परक्या माणसांसमोर कसलं बोलणार? त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ती म्हणते तसं करा."

हे सगळं चाललं होतं ते ताईसाठी. ताई म्हणजे थोरली मुलगी. तिला दिवस गेले होते, जावई कामावर दूर देशी जाणार होता, आणि बाळंतपणापासून पुढे वर्षभर ती माहेरी राहायला येणार होती. घर तसं आटोपशीर. दार उघडलं की बैठकीची खोली, तिच्या पोटातून आत जाणारा बोळ, आणि बोळाच्या टोकाला समोरासमोर दोन दारं. डावीकडे लहान खोली, उजवीकडे मोठी. मोठ्या खोलीला लागून नवं न्हाणीघर काढायचं, म्हणजे बाळंतिणीला आडरात्री लांब जायला नको, असा बेत होता. ती खोली ताईला आणि बाळाला देऊन आई-बाबा लहान खोलीत जाणार होते. बेत आईनेच आखला होता, आणि आखताना ती मनापासून खूश होती.

आता कारणाचं सांगतो. ताईच्या पाठीवर आणखी एक मुलगी होती. एका जागी म्हणून ती कधी बसली नाही, म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. पायात चप्पल घालणं तिला ठाऊक नव्हतं. दिवसभर त्या जुन्या काळ्या फरशीवर तिचे अनवाणी पाय थपथप वाजत असायचे, आणि आई स्वयंपाकघरातूनच ओळखायची की आता ही कुठल्या खोलीत आहे. पहाटे जाग आली की लहान खोलीतून निघायची, बोळ ओलांडायची, आणि मोठ्या खोलीत खिडकीशी आई निजायची तिथे येऊन पांघरुणात शिरायची. मग फरशीवर गार झालेले दोन्ही पाय आईच्या पोटऱ्यांना लावायची. आई दचकायची, ओरडायची, आणि मग ते पाय आपल्या पायांत धरून गरम करायची. त्यात जगातलं सगळं सुख होतं, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा तिला फक्त झोपमोड झाली असं वाटायचं.

भिंगरी सहा वर्षांची असताना आजारी पडली. घरातून गेली ती बाबांच्या खांद्यावरून. दवाखान्यात तिला एकच ध्यास होता, घरी कधी जायचं.

"बरी झालीस की चालत जाऊ. तुझ्या पायांनी," आई सांगायची.

"मी एकटी आले तर?"

"ये की. दार उघडं ठेवीन."

"आणि तू कुठे असशील?"

"मी कुठे जाणार? माझ्या जागेवर. खिडकीशी."

त्यानंतर एका सकाळी आई तासाभरासाठी आंघोळ करून कपडे बदलायला घरी आली. तेवढ्यात भिंगरी गेली. शेवटी तिच्याजवळ पांढऱ्या कपड्यातली एक अनोळखी बाई होती. आईचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका तासाभोवती फिरत राहिलं. तिने रडून घेतलं, ताईला वाढवलं, तिचं लग्न केलं, हसण्याच्या वेळी हसली. पण फरशी बदलायचा विषय निघाला की तोंडाला कुलूप लावायची. भिंगरीचे कपडे गेले, खेळणी गेली. तिचे पाय जिथे लागले होते ती जागा तेवढी उरली होती.

तर काम सुरू झालं. घरात राहून घराचं काम काढणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. बैठकीच्या खोलीतलं सामान मोठ्या खोलीत गेलं, मोठ्या खोलीतलं लहान खोलीत, आणि लहान खोलीतलं कुठे गेलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. शेगडी गॅलरीत आली. मिठात सिमेंट, अंथरुणात वाळू, बाबांचा चष्मा रंगाच्या डब्यात. सुताराने एकेक दार उतरवून खालून बोटभर कापलं आणि भुशाचा ढीग आईच्या कुंड्यांत ओतला, खत म्हणून. बाबा दर संध्याकाळी "झालं, आता थोडंच राहिलं" म्हणायचे, आणि आई त्यांच्याकडे नुसती बघायची. पण खरं सांगायचं तर त्या पसाऱ्यात सगळ्यांचा जीव रमला होता. ताई रोज फोन करून विचारायची, "माझी खोली कुठवर आली?" आणि बाबा फोन हातात धरून तिला घरभर फिरवून आणायचे.

बैठकीच्या खोलीतली टाइल बसून दोन दिवस वाळली, आणि मिस्त्री दुपारी ती वाजवायला आला. वाजवणं हा त्याच्या कामाचा भाग. थापीच्या दांड्याने एकेक टाइल ठोकत जायची. खाली मसाला नीट भरला असेल तर आवाज 'टक्' असा भरीव येतो. खाली हवा राहिली असेल तर 'ढब्'. पोकळ टाइल पुढेमागे तडकते, म्हणून ती काढून पुन्हा बसवायची असते.

तो गुडघ्यांवर सरकत होता. बाहेर ऊन टळटळीत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. टक्. टक्. टक्. आई गॅलरीत तांदूळ निवडत होती.

ढब्.

मिस्त्री थांबला. शेजारची वाजवली. टक्. पुढची. टक्. त्याच्या पुढची... ढब्.

"च्यायला," तो पुटपुटला. आई उठून दारात आली. मिस्त्रीने पोकळ वाजलेल्या टाइलवर खडूने फुली मारली, मग आणखी एकीवर, मग आणखी एकीवर. खोलीभर वाजवून झाल्यावर तो मागे सरून उभा राहिला. फुल्या कशाही पडल्या नव्हत्या. बाहेरच्या दारापासून निघून, एक डावीकडे एक उजवीकडे अशा, त्या बोळाच्या तोंडाशी जाऊन थांबल्या होत्या.

"टोचे मारू दिले असते तर ही वेळ आली नसती, काकू. आता दोष मला लागणार," तो म्हणाला. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. दाराजवळची पहिली फुलीची टाइल त्याने पात्याने उचकटली. ती अलगद निघून आली.

खालच्या मसाल्यात पाऊल होतं.

लहान मुलाचं, अनवाणी, आत दाबलेलं. पाच बोटं, टाच, सगळं स्पष्ट. मिस्त्रीने दातेरी थापीने ओढलेल्या रेघा आजूबाजूला जशाच्या तशा होत्या, फक्त पावलाखाली त्या चेपल्या होत्या. थेट खालच्या जुन्या काळ्या फरशीपर्यंत.

"घरात लहान मूल आहे?" मिस्त्रीने विचारलं.

"नाही."

"मग मी टाइल ठेवायच्या आधी कुणाचं तरी शिरलं असणार." आपण टाइल ठेवताना खाली पाऊल दिसलं नसतं का, हे त्याच्याही मनात आलं असावं, कारण त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि उगाचच थापी धुवायला घेतली.

आई खाली बसली. पावलाची करंगळी सरळ नव्हती, ती शेजारच्या बोटावर चढून बसली होती. भिंगरी झाली तेव्हा सुईण म्हणाली होती, ही करंगळी भारी खोडकर दिसते, बहिणीच्या मांडीवर बसलीय. आईने बोट पुढे केलं आणि त्या एवढ्याशा खळग्यात ठेवलं. मसाला वाळून दगड झाला होता. गार होता.

"पुन्हा बसवा," ती म्हणाली. "आहे तशीच. खाली काही भरू नका."

"पोकळच ठेवू?"

"पोकळच ठेवा. आणि बाकीच्या उचकटू नका."

मिस्त्रीने खूप गिऱ्हाइकं पाहिली होती, पण पोकळ टाइल मागणारं हे पहिलंच. "साहेबांना विचारतो," एवढंच तो बोलला. विचारलं मात्र नाही. खडूच्या फुल्या आईने त्याच दुपारी ओल्या फडक्याने पुसून काढल्या.

त्या दिवसापासून आईच्या चालण्यात फरक पडला. ती भिंतीच्या कडेकडेने चालायची, कुणाच्या वाटेत यायला नको म्हणून. कधी नव्हे ते गुणगुणायची. बाबांना वाटलं, नव्या घराचा आनंद झालाय. आनंदच झाला होता. भीती वाटायला हवी होती हे तिला कळत होतं, पण ज्याची बावीस वर्षं वाट पाहिली ते दारातून आत आलं तर कुठली आई घाबरेल?

बोळाची टाइल बसली. वाळायची वाट पाहताना आईला घास गोड लागेना. बाबा फिरायला गेल्यावर संध्याकाळच्या अंधुक उजेडात ती एकटीच खाली बसली आणि हातात नाणं धरून वाजवत गेली. टक्. टक्. ढब्. टक्. ढब्. पावलं बोळातून पुढे आली होती. जिथे दोन दारं समोरासमोर येतात तिथे दोन टाइल शेजारी शेजारी पोकळ होत्या. दोन्ही पाय जुळवून कुणी उभं राहावं तशा.

"काय करतेस?"

बाबा मागे उभे होते. ते कधी परत आले ते तिला कळलंच नव्हतं. तिने नाणं मुठीत लपवलं, मग लपवण्यात अर्थ नाही असं वाटून पुन्हा वाजवून दाखवलं. बाबा ऐकत राहिले. खाली बसताना त्यांचे गुडघे कडाकडा वाजले. त्यांनी तिच्या हातातलं नाणं घेतलं आणि स्वतः एकदा वाजवलं.

"मिस्त्रीने घाई केलीय," ते म्हणाले.

"अहो... मी पाऊल पाहिलंय. करंगळी तिचीच आहे."

बाबा नाणं बोटांत फिरवत राहिले. बोळात ओल्या सिमेंटचा वास भरला होता. शेवटी ते खालच्या आवाजात म्हणाले, "तिला खांद्यावरून मी नेलं होतं. जाताना विचारत होती, बाबा, मला खाली का सोडत नाही..." आणि त्यांनी तोंड फिरवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते तिच्याबद्दल बोलले, आणि तेही एवढंच. पण नाणं त्यांनी आईच्या हातात परत दिलं, मिस्त्रीला काही सांगितलं नाही.

त्यानंतर लहान खोली झाली. आईची खात्री होती की भिंगरी आपल्या खोलीत शिरेल. खोली तिची, आणि आता आईचा बिछानाही तिथेच पडणार होता. म्हणजे दोन्ही अंगांनी बरोबर. पण तिने कोपरा न् कोपरा वाजवला आणि सगळीकडून टक् टक् असं भरीव उत्तर आलं. मग तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर अंगावर काटा आला. 'मी कुठे जाणार? माझ्या जागेवर. खिडकीशी.' लेकीला तिने सांगितलं होतं ते हे. मधल्या काळात घर बदललं, फरशी वर आली, बिछाना हलला, यातलं भिंगरीला काय ठाऊक? ती खालच्या फरशीवरून येत होती. जुन्या घरातून.

त्या रात्री जेवताना आईने विषय काढला. "अहो, आपण मोठ्या खोलीतच राहू या का? ताईला लहान देऊ."

"काहीतरीच काय! न्हाणीघर काढलं कशाला मग? टाके असतील तिला, रात्री उठून बोळातून जाईल का?"

"नाही... तसं नाही..."

"मग कसं?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना ते समजलं. ताटात बोटं फिरवत ते हळूच म्हणाले, "अगं, ही जिवंत आहे."

आईने मान खाली घातली. तिला स्वतःची लाज वाटली. एका लेकीसाठी दुसऱ्या लेकीची खोली हिसकायला निघालेली आई! ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं," आणि उठून ताटं उचलायला लागली. रडू आलं ते तिने नळाच्या आवाजात मिसळून टाकलं.

मोठी खोली सगळ्यात शेवटी झाली. मिस्त्रीने शेवटची टाइल बसवली, ती वाळल्यावर येऊन सगळी खोली वाजवली, आणि त्याचा चेहरा खुलला. "बघा काकू, एक पोकळ निघाली तर नाव बदलेन!" आई उंबऱ्याशी उभी राहून ऐकत होती. टक्. टक्. टक्. खोली भरीव होती. मिस्त्री हत्यारं गोळा करून गेला. जाताना बैठकीच्या खोलीतून तो भिंतीच्या कडेकडेने गेला, हे आईने पाहिलं.

ताई बाळाला घेऊन घरी आली आणि घर भरून गेलं. मुलगा झाला होता, गोरा, गुटगुटीत, भोकाड पसरणारा. ताईचा पलंग खिडकीशी मांडला, कारण उजेड तिथेच होता. बाळाला न्हाऊ घालायचं काम आईने कुणाला दिलं नाही. ती त्याला पायांवर आडवं घेऊन चोळायची, हातापायाचं एकेक बोट उलगडून पुसायची. सरळसोट, चिमुकली बोटं. आजी आणि नातू दोघंही त्या वेळी जगाला विसरून जायची.

आणि रात्री आई ताईच्या खोलीतच निजायची. बाळ उठतं, ताईला मदत हवी, असं सांगून. पलंगाशेजारी खाली पातळ सतरंजी टाकायची, आणि सगळे निजले की तीसुद्धा बाजूला सारून टाइलला कान लावायची. 'मी आहे गं इथेच. जागेवरच आहे. फक्त जरा खाली आहे.' असं ती मनातल्या मनात म्हणत राहायची. फरशी बर्फासारखी गार असायची. खालून काहीच ऐकू यायचं नाही.

व्हायचं तेच झालं. गार फरशीने तिची छाती धरली. खोकला इतका वाढला की बाळ झोपेतून दचकायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, चार दिवस बाळापासून लांब राहा. आईने हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. "मी तोंडाला फडकं बांधते, कोपऱ्यात पडून राहते..." पण ताईने ऐकलं नाही, आणि ताईचं चुकत होतं असं कोण म्हणेल? बाबांनी आईची सतरंजी गुंडाळली आणि तिला लहान खोलीत नेऊन, पांघरूण घालून निजवलं. औषधाच्या गुंगीत तिला गाढ झोप लागली. कितीतरी दिवसांनी लागली होती.

सकाळी ती उठली तेव्हा बाबा दूध तापवत होते आणि ताई बोळात उभी होती. तोंडावर रुमाल धरून तिने दारातूनच आईला विचारलं, "आई, बरं वाटतंय का? पहाटे कशाला आलीस मग?"

"कुठे?"

"माझ्याकडे. पांघरुणात शिरलीस की! मी झोपेत होते. काय गार पाय तुझे, बाई... सरळ पोटऱ्यांना लावलेस. मी दचकलेच. 'आई, जा ना, बाळाला होईल' म्हटलं, तर पाय काढून घेतलेस."

आई भिंतीला टेकली.

"केवढे होते?" तिने विचारलं.

"काय केवढे होते?"

"पाय."

ताईचा तोंडावरचा रुमाल खाली आला. ती मनाशी आठवत होती, आणि आठवता आठवता तिचा चेहरा उतरत गेला. मग ती एकदम वळली आणि बाळाकडे आत पळाली.

आली होती. एवढी बावीस वर्षं चालत, एकटी, आईने सांगितलेल्या जागेवर ती बरोबर आली होती. आणि आई तिथे नव्हती. दुसऱ्यांदा नव्हती. आणि जी होती ती तिला म्हणाली होती, जा ना. आई उशीत तोंड खुपसून रडली. खोकल्यामुळे रडते आहे असं सगळ्यांना वाटावं म्हणून तिने रडण्यातसुद्धा खोकून घेतलं.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. त्याच दुपारी ताई बैठकीच्या खोलीत बाळाला पाजत बसली असताना आई मोठ्या खोलीत शिरली आणि दार लोटून घेतलं. पडद्यातून येणारं ऊन फरशीवर पडलं होतं. मिस्त्रीने नाव बदलायची पैज लावली होती ती ही फरशी. आईने नाणं काढलं. उंबऱ्यातली पहिली टाइल. ढब्. एक सोडून पुढची. ढब्. पावलं थेट पलंगापर्यंत गेली होती, खिडकीच्या बाजूला. मग तिने परतीची वाट शोधली. पलंगाच्या त्या बाजूला, या बाजूला, न्हाणीघराच्या दाराशी. टक्. टक्. टक्. रांगत रांगत, धापा टाकत, तिने अख्खी खोली वाजवली, मग बोळ, मग पुन्हा खोली.

आलेली पावलं होती. गेलेली नव्हती.

"आई," ताईने बाळाला घेऊन आत येत हाक मारली. "जरा घेतेस का याला? मी केस धुऊन येते. मोजे चढव त्याच्या पायात. चार दिवस झाले, काही केल्या पाय गरमच होत नाहीत याचे."

आई पलंगावर, खिडकीशी, आपल्या जुन्या जागेवर टेकली. ताईने बाळ तिच्या मांडीवर दिलं. बाळ रडत नव्हतं. चार दिवसांत त्याने एकदाही भोकाड पसरलं नव्हतं, असं बाबा कौतुकाने सांगत होते. बाळ आजीकडे टक लावून बघत होतं.

"आणि ही राखाडी पूड कुठून लागते याच्या पायांना कोण जाणे," ताई न्हाणीघरातून म्हणाली. "रोज पुसते. काम संपून महिना झाला, तरी सिमेंट काही घर सोडत नाही."

आईने पाय हातात घेतले. दोन्ही तळव्यांच्या बारीक रेघांत राखाडी भुकटी भरली होती. ज्याला अजून कुशीवर वळता येत नव्हतं, त्याच्या टाचांत. तिने पदराने ती हलकेच पुसली. मग डाव्या पायाची बोटं उलगडायला गेली आणि थांबली. करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली होती. तिने ती चिमटीत धरून सरळ केली. सोडल्यावर ती पुन्हा वर चढली, सवयीने.

बाळाने दोन्ही पाय लांब केले आणि गारेगार तळवे तिच्या पोटावर टेकवले. आई दचकली. या वेळी ती ओरडली नाही. आणि ताईचं बाळ... तो गुटगुटीत, भोकाड पसरणारा मुलगा... त्याचं काय झालं, हा प्रश्न तिच्या मनात येऊन उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि उत्तर शोधलं नाही. न्हाणीघरातलं पाणी थांबायच्या आत तिने घाईघाईने मोजे ओढून घेतले, आधी डाव्या पायात, मग उजव्या.

"झाले का गं गरम?" ताईने आतून विचारलं.

आईने ते पाय दोन्ही हातांत घट्ट धरले.

"होतील," ती म्हणाली. "आता होतील."